भोंग्याच्या आधी

अंगणात पुन्हा तेच सुरू झालं. आधी लायलचा आवाज, "आता बघा हां, इथं ती खाली टेकते," मग फोनमधल्या वादळाची घरघर, मग पाहुण्यांचं "अरे बापरे!" आणि शेवटी लायलचं खाकरणं. ते खाकरणं कौतुक गोळा करण्यासाठी असायचं. लायलच्या बायकोला, मार्सेला बेनेशला, त्याच्या घोरण्याचा सगळ्या संसारात आला नसेल एवढा वीट त्या खाकरण्याचा तीन आठवड्यांत आला होता.

ती मागच्या पायरीवर बसून चादरींतून काचेचा कापूस वेचत होती. वादळानं छपरं फोडली आणि थंडी अडवायला छपरांच्या आत भरलेला तो गुलाबी कापूस सगळ्या हॉलुब गावावर उधळला. झाडांना, तारांना, गाईंच्या पाठीला, वाळत घातलेल्या कपड्यांना, बघावं तिथं तो चिकटलेला. हाताला लागला की खाज सुटते आणि भिजला की ओल्या कुत्र्यासारखा वास मारतो. दुरून बघणाऱ्यांना मात्र झाडांना मोहर आल्यासारखं वाटायचं. परवाच मोटारीतून आलेली एक बाई "किती सुंदर!" म्हणत त्याचा फोटो काढून गेली. मार्सेलानं तिला ओंजळभर कापूस घरी न्यायला देऊ केला, तर बाई गाडीची काच वर करून पळाली.

हल्ली तिला सगळ्याचीच किळस येत होती. दक्षिणेचा वारा सुटला की शेजारच्या पोकॉर्नींच्या रानातून सडक्या मांसाचा भपकारा यायचा. त्यांचा फ्रीझर उलटून मक्यात पडला होता, त्यात अख्खा गोऱ्हा कापून भरलेला होता, आणि तो उचलून पुरला तरी मातीला लागलेला वास जात नव्हता. चर्चच्या हॉलमध्ये दानाच्या कपड्यांचा डोंगर साचला होता, तो निवडायचं काम बायकांच्या गळ्यात पडलं होतं. घरं गेलेल्या माणसांना जगानं काय पाठवावं? एकाच पायाचे बूट, मळक्या चड्ड्या, चमकी लावलेला नाचाचा झगा आणि भर जून महिन्यात कसर लागलेले लोकरी कोट. लोकांनी आपले माळे साफ करून घेतले आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतलं, असं मार्सेला उघड बोलायची. बाकीच्या बायका हसायच्या आणि चड्ड्या काठीनं उचलून पिशवीत टाकायच्या.

पण या सगळ्यापेक्षा जास्त किळस तिला लायलच्या निळ्या जॅकेटची यायची. ओमाहाच्या टीव्हीवाल्यांनी त्यानं फोनवर काढलेला वादळाचा व्हिडिओ दाखवला आणि खूश होऊन आपल्या वाहिनीचं नाव छापलेलं जॅकेट त्याला दिलं. तेव्हापासून भर उन्हात ते अंगावर चढवून, घाम पुसत, तो गावभर मिरवत होता. टीव्हीवर त्याला 'टेकडीवरचा पहारेकरी' म्हणाले. चार घरं भुईसपाट झाली पण माणूस एकच गेलं, ते लायलनं भोंगा वाजवायला सांगितला म्हणून, असं गावात जो तो म्हणत होता. येत्या रविवारी मदतीला आलेल्या लोकांसाठी चर्चच्या हॉलमध्ये मोठं जेवण होतं, आणि जेवणानंतर तो व्हिडिओ पडद्यावर दाखवून लायलचा सत्कार व्हायचा होता.

गेलेलं ते एकच माणूस म्हणजे ब्लांश पोकॉर्नी, मार्सेलाची शेजारीण. शेजारीण म्हणजे मध्ये मैलभर मक्याचं रान. पण न विचारता एकमेकींचा फ्रीज उघडणाऱ्या या दोघी होत्या. ब्लांशला मूलबाळ नव्हतं. नवरा लॅडी अर्धांगाच्या झटक्यानं चाकाच्या खुर्चीत बसलेला, उजवी बाजू लुळी. त्याला तळघरात उतरवणं सोपं नव्हतं, म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी जुनी गादी टाकलेली असायची. लॅडीला तिच्यावर निजवायचं, गादीला बांधलेली दोरी वरून धरायची आणि त्याला हळूहळू पायऱ्यांवरून खाली सोडायचं. याला बराच वेळ लागायचा आणि किती लागतो ते तिला नेमकं ठाऊक होतं. "लायल टेकडीवर असला ना, की मी निवांत भांडी घासते," असं ती म्हणायची.

कारण हॉलुबचा भोंगा. गावाला त्याचा मोठा अभिमान. जिल्ह्याचे लोक साधा काळा ढग दिसला तरी इशारे सोडतात, खिशातले फोन कोकलायला लागतात, आणि मे महिन्यात तर नेब्रास्कात हे रोजचंच. त्यामुळे फोन कोकलला की हॉलुबकर तळघरात जात नाहीत. कॉफीचा कप घेऊन व्हरांड्यात येतात आणि आभाळाकडे बघत शेजाऱ्याशी गप्पा मारतात. तळघरात जायचं ते आपला भोंगा वाजला की. तो यंत्राच्या हवाली केलेला नाही. आगीच्या बंबावर फुकट राबणारे गावातले गडी आपापल्या ठरलेल्या टेकडीवर पिकअप घेऊन जातात, ढगातून उतरणारी वावटळीची सोंड डोळ्यांनी बघतात, रेडिओवर सांगतात, आणि मग बंबाच्या शेडमध्ये बसलेला डेल्बर्ट बटण दाबतो. "आमचा भोंगा ढगाला भीत नाही," असं गाव म्हणतं. पश्चिमेची कब्रस्तानाची टेकडी लायलची, वर्षानुवर्षं त्याचीच. पहाऱ्याचा नियम एकच, आणि नव्या पोरांना तो लायलच शिकवायचा: सोंड दिसली की आधी सांगायचं, मग बघत बसायचं.

पाहुणे गेले. लायल आत आला आणि जॅकेटची चेन खाली ओढत म्हणाला, "आयोवाहून आले होते. आयोवा! एवढ्या लांबून!"

"त्यांच्याकडे वादळं येत नाहीत का?"

"माझ्यासारखं कुणी पकडत नाही म्हणाले." तो खाकरला. "फादरशी बोलणं झालं. आधी ब्लांशसाठी प्रार्थना, मग माझा व्हिडिओ. लॅडीला पहिल्या रांगेत आण. मी त्याच्याबद्दल दोन शब्द बोलणार आहे."

मार्सेलानं कलेजीच्या गोळ्यांचं सूप डब्यात भरलं आणि लॅडीकडे निघाली.

लॅडी आता गावातल्या वृद्धाश्रमात राहत होता. खोलीला दुसऱ्या म्हाताऱ्याच्या मलमाचा वास होता, आणि अंगात दानाच्या ढिगातला शर्ट, ज्यावर कुठल्याशा बोलिंग संघाचं नाव होतं. लॅडी पार वाळला होता. नर्स दारातच मार्सेलाला म्हणाली, "बघा तुम्हीच काहीतरी. कवळी घालत नाही, चावायचं काही खात नाही. असं किती दिवस चालणार?"

मार्सेलानं वाटीत सूप ओतलं. "कवळी कुठंय?"

"डबीत."

"मग घाल की. एवढे गोळे केलेत, ते काय हिरड्यांनी चावणार?"

"नको."

"लॅडी, बोळक्या तोंडानं तू अगदी तुझ्या आईसारखा दिसतोस आणि ती काही देखणी नव्हती."

एरवी तो हसला असता. आता त्यानं डावा हात डोळ्यांवर घेतला. मग तसाच हात ठेवून तो बोलायला लागला, आणि झटक्यानंतर त्याची जीभ जड झाली असली तरी शब्द न् शब्द कळत होता.

"भोंगा झाला तेव्हा ती बाहेर होती. काय करत होती कुणास ठाऊक. पळत आत आली. मला गादीवर घातलं. मी म्हटलं, ब्लांश, माझी कवळी. ती म्हणाली, खड्ड्यात गेली तुझी कवळी. मी म्हटलं, उद्या ढिगाऱ्यातून काढतील तर असा बोळका काढतील, सगळं गाव बघेल." तो थांबला. "शिव्या देत गेली. आतल्या न्हाणीघरात. आली, कवळी माझ्या खिशात कोंबली, दोरी धरली. मी अर्ध्या जिन्यात असेन. मग वर घरच नव्हतं."

मार्सेलानं चमचा वाटीत ठेवला.

"मी मारलं तिला मार्सेला. दातांपायी."

"असं बोलू नकोस. वादळानं मारलं तिला."

"फादरला सांगितलं. ते म्हणाले, देवानं तुला केव्हाच माफ केलंय. देवाचं काय जातंय? देवाची बायको होती का ती?"

सूप गार झालं, ते मार्सेलानं परत डब्यात ओतलं.

घरी आली तेव्हा लायल आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. फोन शेजारी तिपाईवर. फोनला कुलूप नव्हतं, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा तर कुलूप लावून कसं चालेल? मार्सेलाला एकदा ब्लांशचं घर बघायचं होतं. पांढरं, हिरव्या झडपांचं, मागे कपड्यांची दोरी. आता तिथं नुसता सिमेंटचा चौथरा होता आणि एक संडासाचं भांडं, ज्याचे बाहेरचे लोक हसत फोटो काढत. लायल व्हिडिओ दाखवताना नेहमी बोटानं पुढे सरकवून मधूनच सुरू करायचा, थेट सोंड जमिनीला टेकते तिथून. मार्सेलानं पहिल्यापासून लावला.

घर दिसलं. टेकडीखाली, अगदी स्पष्ट. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला, अंगणात कुणी दिसतंय का बघायला लागली, तेवढ्यात लायलनं फोन वर केला आणि घर चित्रातून खाली गेलं. मग नुसतं आभाळ, आणि आभाळातून लोंबणारी ती राखाडी सोंड, अजून पार लांब, मक्याच्या पलीकडे.

रेडिओ खरखरला. डेल्बर्टचा आवाज. "लायल, पश्चिमेला काही?"

"थांब," लायल म्हणाला. आणि मग हळू, स्वतःशीच, "काय देखणी आहे! आई गं, काय देखणी आहे!"

पिकअपचं दार उघडल्याचा आवाज. पावलं. चित्र हललं, कुंपणाचा एक खांब मध्ये येत होता, तो बाजूला गेला. सोंड आता पूर्ण दिसत होती आणि जाडजूड झाली होती. लायलचा श्वास ऐकू येत होता.

"लायल? वाजवू का?"

"थांब म्हटलं ना! जरा थांब."

दोरीवरचे कपडे काढून त्यांच्या घड्या घालता आल्या असत्या एवढा वेळ गेला. मग सोंड जमिनीला टेकली, माती उडाली, पोकॉर्नींच्या रानाच्या कडेची झाडांची रांग एकेक करून दिसेनाशी व्हायला लागली, आणि तेव्हा कुठं लायल ओरडला, "वाजव! डेल्बर्ट, वाजव!" त्यानंतर भोंगा. पाहुण्यांसाठी व्हिडिओ सुरू व्हायचा तो सोंड टेकल्यापासून, त्याआधीचं 'थांब' कुणी ऐकलेलंच नव्हतं.

मार्सेलानं खुर्चीत झोपलेल्या माणसाकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून जॅकेटच्या कॉलरवर आली होती. या माणसाचे मोजे तिनं धुतले होते, त्याच्या शेजारी ती रोज निजत होती.

"ऊठ," ती म्हणाली.

लायल दचकून उठला. "काय झालं? कुणी आलंय का?"

"तू थांब म्हणालास."

"कुणाला?"

"डेल्बर्टला. तो विचारत होता आणि तू थांब म्हणालास. दोनदा."

तिच्या हातातला फोन बघून तो पार जागा झाला. तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "अगं, खात्री नको का करायला? उगाच भोंगा वाजवला असता तर गाव काय म्हणालं असतं?"

"'काय देखणी आहे' ही खात्री? खांब मध्ये येतो म्हणून गाडीतून उतरलास, ती खात्री?"

"तुला नाही कळायचं ते. सगळा जन्म त्या टेकडीवर बसून मी नुसते ढग बघितले. पोरं हसायची, लायल मेघराजा म्हणून चिडवायची. आणि ती आली, अशी समोर, अख्खी. माणूस गांगरतो, मार्सेला."

"गांगरलेल्या माणसाचा हात थरथरतो. तुझा हात बघ जरा. फोन भिंतीला ठोकल्यासारखा धरलायस."

"डेल्बर्टलाही माहीत आहे सगळं. तो बोलला का काही? नाही बोलला. कारण त्याला अक्कल आहे. बंबाचं पथक मोडेल, गावाची शोभा होईल, आणि त्यानं काय ब्लांश परत येणार आहे?" लायलला आता बोलायला जोर आला. "आणि खरं सांगू का? थोडा आधी वाजला असता तरी काय फरक पडला असता? म्हातारा स्वतःच सांगतोय सगळ्यांना, की मी तिला कवळी आणायला पाठवलं. म्हणजे त्यानंच तिला—"

पुढचा शब्द उच्चारण्याएवढा तो धीट नव्हता. मार्सेला स्वयंपाकघरात गेली आणि खरंच ओकली. मोरीत पाणी सोडून ती बराच वेळ उभी राहिली. चूक झाली, हातून घडलं, असं तो म्हणाला असता, रडला असता, तर ती त्याच्याबरोबर रडली असती. माणूस भुलतो, हे तिला कळत होतं. त्या दिवशी ती स्वतःही व्हरांड्यात उभी राहून वर बघत होती. पण एका लुळ्या म्हाताऱ्यानं आपल्या डोक्यावर घेतलेलं ओझं तिथंच राहू द्यावं आणि त्याच्या आडोशाला उभं राहून हारतुरे घ्यावेत, याची तिला मनापासून शिसारी आली. त्या दिवसापासून ती शिवणाच्या खोलीत झोपायला लागली, आणि लायलनं फोनला कुलूप घातलं.

शनिवारी तिनं लॅडीला सांगून बघितलं. "लॅडी, भोंगा उशिरा वाजला. तुमच्या हातात वेळच उरला नव्हता. कवळीचा काही संबंध नाही."

लॅडीनं मान हलवली. "लायलचा भोंगा उशिरा वाजत नाही. तू चांगली बाई आहेस म्हणून माझी समजूत घालतेस."

"अरे, मी ऐकलंय माझ्या कानांनी!"

"नवऱ्याला बोल लावू नकोस माझ्यासाठी. ब्लांशला आवडलं नसतं." आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. जेवणाच्या ताटातला बटाट्याचा लगदासुद्धा त्यानं उष्टावला नव्हता. नर्स म्हणाली की आता नळीनं भरवावं लागेल.

त्याला कानांनी ऐकवल्याशिवाय तो मानणार नाही, हे मार्सेलाला कळून चुकलं. लायलच्या फोनला कुलूप होतं. पण सत्काराच्या तयारीत डेल्बर्टनं तो व्हिडिओ आधीच हॉलच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता, आणि डेल्बर्ट आळशी. काटछाट करण्याचा त्रास त्यानं घेतला नसणार.

रविवारी हॉल गच्च भरला. कपड्यांचा डोंगर एका कोपऱ्यात चादर टाकून झाकला होता, तरी त्याचा कुबट वास भाजलेल्या बदकाच्या वासात मिसळत होता. बदक, डम्पलिंग, आंबवलेली कोबी, खसखशीचे आणि जर्दाळूचे गोड पाव, म्हणजे कोलाची, कशाची म्हणून कमी नव्हती. ओमाहाचे टीव्हीवाले कॅमेरा घेऊन आले होते आणि पोटभर जेवत होते. फादरनी ब्लांशसाठी प्रार्थना म्हटली. टेबलाच्या टोकाला बसलेला एक मदतनीस प्रार्थना चालू असतानाच कोलाची खात होता. मार्सेलानं त्याच्याकडे असं बघितलं की तो चावायचा थांबला.

मग लायल उठला. जॅकेट होतंच. लॅडीच्या खुर्चीमागे उभा राहून त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "सगळ्यांना वाचवता आलं नाही, याचं दुःख मला जन्मभर राहील. पण लॅडी, तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी तुला माफ... म्हणजे आम्ही सगळ्यांनी तुला माफ केलंय." हॉलमध्ये दोनचार बायकांनी डोळे पुसले. लॅडीनं मान खाली घातली. लायल खाकरला.

दिवे मालवले. डेल्बर्ट कॉम्प्युटरजवळ बसला होता, भला दांडगा माणूस, मान जाड, आणि त्या मानेवर घाम. मार्सेला त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"पहिल्यापासून लाव."

"मार्सेला, इथं नको," तो कुजबुजला. "सगळं गाव बसलंय."

"म्हणूनच."

"अगं, तुझाच नवरा आहे तो."

"मला माहीत आहे कुणाचा आहे ते. तुला रात्री झोप येते का रे डेल्बर्ट?"

डेल्बर्टनं तिच्याकडे बघितलं नाही. पण कॉम्प्युटरवरचा हात त्यानं उचलला आणि मांडीवर ठेवला. मार्सेलाला यंत्रांतलं फारसं कळत नसलं तरी पडद्याखालचा ठिपका डावीकडे ओढायचा एवढं कळत होतं. तिनं तो अगदी टोकापर्यंत ओढला.

पडद्यावर पोकॉर्नींचं घर आलं, भिंतीएवढं मोठं. हॉलमधून एक उसासा निघाला. मग फोन वर गेला, आभाळ आलं, आणि डेल्बर्टचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "लायल, पश्चिमेला काही?"

"थांब."

अंधारात लायल म्हणाला, "अरे, चुकीचं लागलंय, पुढे घे, पुढे घे," आणि लगबगीनं उठला तर त्याचा पाय टीव्हीवाल्यांच्या वायरीत अडकला. "काय देखणी आहे!" पडद्यावरचा लायल म्हणत होता. "आई गं, काय देखणी आहे!" पिकअपचं दार उघडलं. खांब बाजूला सरकला. "वाजवू का?" "थांब म्हटलं ना!" मागच्या टेबलावर कॉफीचं मोठं भांडं उकळत होतं, त्याचा आवाज येत राहिला. सगळ्यांना आपापला त्या वेळचा व्हरांडा आठवत असणार. झाडांची रांग जायला लागली, आणि मग पडद्यावर भोंगा वाजला.

मार्सेलानं व्हिडिओ बंद केला. कुणीतरी दिवे लावले.

पहिली बोलली ती स्वयंपाकाचं बघणारी रोझाली. "मार्सेला, आज जेवणाचा दिवस होता गं. हे नंतर, घरात बसून बोलता आलं असतं." आणि तिच्या शेजारच्या बायकांनी माना हलवल्या. तीन आठवडे या बायकांबरोबर बसून मार्सेलानं लोकांच्या मळक्या चड्ड्या निवडल्या होत्या. तिला वाटलं, यांच्या माना धरून त्यांना त्या ढिगात बुचकळावं. टीव्हीवाल्यांतला एकजण कॅमेरा चालू होता ना, असं दुसऱ्याला हळूच विचारत होता.

ती लॅडीसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. म्हातारा रिकाम्या पडद्याकडे बघत होता.

"म्हणजे वेळ होता," तो म्हणाला.

"होता."

"कवळी आणूनसुद्धा?"

"कवळी आणून, तुला घालून, तुझा भांग पाडून, तुम्ही दोघं खाली बसून भांडत राहिला असता. एवढा वेळ होता."

लॅडीनं डावा हात उचलून बोलावलं. "लायल. इकडं ये."

लायल आला. त्याला यावंच लागलं, सगळा हॉल बघत होता. जॅकेटमध्ये तो एकदम ढगळ दिसत होता. "लॅडी, ऐक, अरे ते सगळं एवढंसं, मला वाटलं की अजून लांब आहे..."

"ते राहू दे," लॅडी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. होती ती अधीरता, आणि तो जड जिभेनं एकेक शब्द नीट जुळवत होता. "मी आत निजलो होतो. ती बाहेर अंगणात होती. त्या टेकडीवरून आमचं अंगण सगळं दिसतं. भोंग्याच्या आधी तू तिथं उभा होतास. मला फक्त एवढं सांग, ती काय करत होती?"

लायलनं तोंड उघडलं. मार्सेलाकडे बघितलं, फादरकडे बघितलं. खोटं सांगावं एवढंही त्याला सुचलं नाही.

"मी वर बघत होतो," तो म्हणाला.